धाकटा दांडा

आमच्या गाडीत दोन दांडे होते. लांब मानेचा थोरला, गिअरचा. त्याच्या शेजारी बुटका धाकटा. साध्या रस्त्यावर धाकट्याला काही काम नसतं. चिखलाचा चढ आला की गाडी उभी करून तो ओढायचा, मग चारही चाकं जोर लावतात आणि गाडी बैलासारखी सावकाश, पण न घसरता वर जाते. थोरल्याला हात लावायची मला परवानगी नव्हती. धाकटा माझा.

ही वाटणी वीस वर्षांपूर्वी झाली. मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी यांनी ऑफिसातल्या एका मायदेशी परतणाऱ्या सहकाऱ्याकडून ही फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेतली. तेव्हाही ती नवी नव्हतीच. सिंगापूरमध्ये जुनी गाडी सांभाळणं म्हणजे पांढरा हत्ती पोसणं, हे मी तेव्हाच सांगितलं होतं आणि नंतरही वेळोवेळी सांगत आले. पण महिन्यातून एक शनिवार वुडलँड्सचा पूल ओलांडून आम्ही पलीकडे मलेशियात, जोहोरला जायचो. तिथं एका टेकडीवर एका म्हाताऱ्याची डुरियन या काटेरी फळाची बाग आहे. टेकडीच्या पायथ्याशी डांबर संपतं आणि लाल चिखल सुरू होतो. तिथं हे गाडी थांबवायचे, क्लच दाबायचे, पुढे बघत म्हणायचे, "टाक." मी धाकटा दांडा मागे ओढायची. खट्ट असा आवाज आला की म्हणायचे, "शाब्बास." डुरियनचा वास मला सहन होत नाही, आजही. मी त्या बागेत जायची ती त्या एका 'शाब्बास'साठी. हे यांना कधी सांगितलं नाही, उगाच डोक्यावर बसले असते.

माझे सासरे एका धरणाच्या कामावर सरकारी जीपचे ड्रायव्हर होते. मुलाला त्यांनी गाडी शिकवली ती धरणाच्या भरावावर. गिअर हातानं टाकायचा नसतो, कानानं टाकायचा असतो, असं ते म्हणत. मुलगा शिकला, बँकेत लागला, सिंगापूरला आला, आठवडाभर टाय लावून जोखमीचे अहवाल लिहू लागला, पण शनिवारी सकाळी गाडीत बसला की तो ड्रायव्हरचा मुलगा व्हायचा. इंजिनाचा सूर बदलला की यांची मान जराशी तिरकी व्हायची, आणि मग गिअर असा पडायचा की माझ्या मांडीवरच्या कपातला चहासुद्धा हलत नसे. ऑटोमॅटिक गाड्यांबद्दल यांचं मत ठरलेलं होतं. "आयत्या पिठावर रेघोट्या," म्हणायचे. माझं लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचं आहे, हे त्यांना चांगलं माहीत असायचं.

मागच्या वर्षीची गोष्ट. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी आम्ही बेडोकच्या बाजारात मासळी घेत होतो. यांच्या डाव्या हातातून पिशवी सुटली. सुरमईचे तुकडे ओल्या फरशीवर पसरले. मी म्हटलं, "लक्ष कुठंय तुमचं?" हे आपल्या हाताकडे बघत उभे, जणू तो शेजारच्या कुणाचा तरी हात आहे. मग डावा पाय मुडपला. मासळीवालीनं माझ्याआधी ओळखलं, तिनंच अँब्युलन्स बोलावली. अर्धांगवायू होत असलेल्या माणसाला मी विचारलं होतं, लक्ष कुठंय तुमचं.

जीव वाचला. बोलणं शाबूत, उजवी बाजू शाबूत, स्वभाव तर पूर्ण शाबूत. गेलं ते डावं. आता बघा, इथल्या गाडीत स्टिअरिंग उजवीकडे. म्हणजे क्लच दाबायचा डाव्या पायानं आणि गिअर टाकायचा डाव्या हातानं. देवानं नेमकी गिअरची बाजू उचलून नेली होती.

तीन महिने फिजिओथेरपी चालली. यांना चालता यायला लागलं, काठी टेकत, पाय जरा ओढत. फिजिओ ही माझ्या मुलीच्या वयाची पोर, फार गोड. एक दिवस कॉरिडॉरमध्ये मी तिला गाठलं आणि आडून-आडून न विचारता सरळ विचारलं, यांना क्लच दाबता येईल का? तिनं माझा दंड धरला. पाय अजून थोडा सुधारेल, म्हणाली, पण पाऊल तेवढ्या जोरानं आणि तेवढ्या अंदाजानं चालेल, अशी आशा धरू नका. मी बाहेर आले. हे हॉस्पिटलच्या व्हीलचेअरवर बसून माझी वाट बघत होते. "काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"सहा महिने," मी म्हटलं. "सहा महिन्यांत पाय पहिल्यासारखा होईल."

माझं सगळं आयुष्य ऑडिटमध्ये गेलं. लोकांचं खोटं पकडायची मला सवय, स्वतः बोलायची नाही. तरी ते वाक्य तोंडातून इतकं सफाईनं निघालं की माझा माझ्यावरच विश्वास बसेना.

गाडी कार-पार्कच्या चौथ्या मजल्यावर धूळ खात उभी होती. आठवड्यातून एकदा मी जायची, ड्रायव्हरच्या जागेवर बसायची, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायची आणि बंद करून परत यायची. माझ्या लायसन्सवर त्याहून जास्त काही करता येत नव्हतं. एका संध्याकाळी जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, जस्ट सेल इट लाह. सो ओल्ड ऑलरेडी. वी कॅन टेक टॅक्सी." तिचं चुकलं नव्हतं. तिला बापाची काळजीच होती. पण यांनी चमचा खाली ठेवला आणि उठून गॅलरीत जाऊन बसले. आमटी-भात ताटात तसाच. ताटात अन्न टाकून उठलेलं मी त्यांना तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता मी MRT मेट्रोनं वुडलँड्सला गेले. तिथल्या औद्योगिक इमारतीत आमच्या मेकॅनिकचं वर्कशॉप आहे. पासष्टीचे चिनी गृहस्थ, मी त्यांना अंकल म्हणते आणि ते मला आंटी, आमच्यात पाच-सात वर्षांचं अंतर असेल-नसेल. वीस वर्षं ही गाडी त्यांच्याच हाताखालून जाते. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवून विचारलं, "हिज लेग, कमिंग बॅक ऑर नॉट?"

"नॉट कमिंग बॅक," मी म्हटलं. हे खरं मी पहिल्यांदा कुणाजवळ बोलले ते त्या वर्कशॉपमध्ये, टायरच्या ढिगाशेजारी.

अंकलनी बराच वेळ चिंधीला हात पुसले. मग म्हणाले, "ओके. देन वुई पुट ऑटो."

पुठ्ठ्याच्या खोक्यावर पेनानं आकृती काढून त्यांनी मला समजावलं. मॅन्युअल गिअरबॉक्स उतरवून तिथं ऑटोमॅटिक बसवता येतो. क्लचचा पेडल जातो. रीतसर परवानगी काढावी लागते, तपासणी होते, ते सगळं ते बघतील. प्रश्न एवढाच, की बसवायचा कुठला. एक होता नव्या मॉडेलचा, पाच गिअरचा, गुळगुळीत चालणारा. पण त्याला त्याचा कॉम्प्युटर लागतो, त्याची वायरिंग लागते, आणि चिखलाच्या गिअरसाठी त्याला डॅशबोर्डवर एक बटण. दुसरा आमच्या गाडीच्याच वयाचा, भंगारात निघालेल्या जुळ्या गाडीतला. चारच गिअर, जरा सुस्त, डिझेल जास्त पिणार. पण डोक्यानं साधा, कॉम्प्युटरची भानगड नाही. "ओल्ड कार, ओल्ड बॉक्स," अंकल म्हणाले, "दे अंडरस्टँड ईच अदर."

"आणि हा?" मी आकृतीत धाकट्याच्या जागेवर बोट ठेवलं.

जुना ऑटोमॅटिक घेतला तर धाकट्याचा, चारही चाकांना जोर देणारा डबा आहे तोच त्याच्या पाठीला जोडता येईल, दांड्यासकट. नवा घेतला तर तो जाईल. मला पुढचं काही ऐकायची गरज नव्हती. मुलीनं संध्याकाळी फोनवर वाचून काढून मला पाच गिअरवाल्याचे सतरा फायदे सांगितले, बटण किती सोयीचं तेही सांगितलं. मी म्हटलं, अंकल म्हणतात जुनाच बरा. नाव अंकलचं घेतलं. मला माझा दांडा हवा होता, हे साठीला आलेल्या बाईनं पोटच्या पोरीला कसं सांगायचं?

यांना सांगणं अवघड होतं. रविवारी दुपारी, चहाच्या कपासमोर बसवून मी सांगितलं. म्हटलं, तात्पुरतं आहे. पाय बरा होईपर्यंत. अंकल काही कापणार नाहीत, सगळं बोल्टवर बसवणार, उद्या पाहिजे तेव्हा जुना बॉक्स परत चढवता येईल. हे ऐकत होते. डावा हात मांडीवर उताणा पडलेला, उजवा हात त्याची बोटं एकेक करून सरळ करत होता, फिजिओनं शिकवलेलं.

"जुना बॉक्स कुठं जाईल?" त्यांनी विचारलं.

"आपल्या घरी. पाय बरा झाला की लागेलच ना."

यांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग म्हणाले, "बरं. ठेव."

गिअरबॉक्स म्हणजे काय प्रकरण असतं ते तो घरी येईपर्यंत मला माहीत नव्हतं. दोन माणसांनी ट्रॉलीवरून लिफ्टनं तो वर आणला. अंगभर काळा, ओबडधोबड. आमच्या फ्लॅटमध्ये, इथल्या पुष्कळ घरांत असते तशी, जाड लोखंडी दाराची एक बॉम्ब-शेल्टरची खोली आहे. युद्ध होईपर्यंत तिच्यात आम्ही पापड, कुरडया, गणपतीचं मखर आणि सुटकेसेस ठेवतो. तिथं जुन्या वर्तमानपत्रांवर बॉक्स बसला. त्याच्या शेजारी पिशवीत क्लचची प्लेट आणि पेडल. पेडलवरचं रबर यांच्या बुटानं एका बाजूला झिजून गुळगुळीत झालं होतं. मी पिशवीचं तोंड बांधून टाकलं.

आता गिअर ऑइलला एक वास असतो, कुजक्या लसणाचा आणि हिंगाचा मिळून असावा तसा. बॉक्स रिकामा केला होता, तरी थेंब-थेंब गळत राहायचा. बंद खोली, लोखंडी दार. दोन महिन्यांनी गणपतीला पंधरा माणसं जेवायला होती आणि मी पापड तळले. एक बाई म्हणाल्या, "अगंबाई, हिंग किती छान लागतोय, पुण्याहून आणला का?" यांनी तोंडासमोर रुमाल धरला. त्यांचे खांदे हलत होते. बाजारातल्या त्या सकाळनंतर त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मी बाईंना म्हटलं, "हो, पुण्याचाच."

त्या आधी ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी आणि थेरपिस्टनी यांची परीक्षा घेऊन गाडी चालवायला परवानगी दिली होती. फक्त ऑटोमॅटिक. स्टिअरिंगला एका हातानं फिरवण्यासाठी मूठ बसवली. पहिल्या दिवशी कार-पार्कमधून बाहेर पडताना यांच्या कपाळावर घाम होता. उजवा हात आडवा नेऊन त्यांनी नवा थोरला एका घरातून दुसऱ्या घरात सरकवला आणि गाडी आपसूक पुढे सरकली. बेडोकमधून एक चक्कर, मग समुद्राच्या रस्त्यानं एक चक्कर. इंजिनाचा सूर चढला की मान तिरकी व्हायची, पण करायला काही नसायचं. गिअर आपोआप पडलेला असायचा, तोही यांच्या मते उशिरा.

"हे आपल्या मनानं गिअर टाकतं," ते कुरकुरले. "मला विचारतही नाही."

"तुम्ही तरी मला कधी विचारून टाकलात?" मी म्हटलं.

घरी आलं की मी शेल्टरचं दार उघडून बॉक्सखालचा कागद बदलायची. रोज. यांना दिसेल अशा बेतानं. मला वाटायचं, यांना कळू दे की बॉक्स जपलेला आहे, आशा जागेवर आहे. सहा महिन्यांची मुदत मीच घातली होती आणि ती सरत आली होती. पाय तसाच होता. रात्री अंथरुणावर पडलं की मनात यायचं, उद्या यांनी विचारलं तर काय सांगू? अजून सहा महिने म्हणू? कितीदा म्हणू?

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं-अवजारांची पूजा असते. सिंगापुरात हत्यार कुठलं आणायचं? माझी विळी, यांचा पान्यांचा संच, मुलीचा लॅपटॉप आणि गाडी. टेक्का बाजारातून झेंडू आणले. कार-पार्कमध्ये गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवून गाडी पुढे घेतली, आणि कचरा केला म्हणून कुणी बोलायच्या आत मी टिश्यूनं लिंबं पुसून पिशवीत भरली. दर वर्षी हे असंच होतं. मग वर येऊन मी तबक घेऊन शेल्टरमध्ये शिरले. गाडीची पूजा झाली, तर तिच्या बॉक्सची नको का? वाकून त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. मागे काठी टेकल्याचा आवाज आला. हे खुर्ची ओढून दारात बसले होते.

"अंकलचा फोन होता," ते म्हणाले. "आपल्यासारख्याच गाडीचा एक मालक आहे, मॅन्युअलवाला. त्याच्या बॉक्समधले गिअर तुटलेत. दुसरा कुठं मिळत नाहीये. मी आपला देतो म्हणून सांगितलंय."

मी तबक हातात धरून तशीच उभी राहिले. "देतो म्हणजे? आपल्याला लागेल ना!"

"मला नको आहे तो."

"अहो, पाय बरा झाला की..."

"नाही होणार," हे म्हणाले, अगदी शांतपणे, उद्या बाजार बंद आहे असं सांगावं तसं. "तू त्या पोरीला कॉरिडॉरमध्ये विचारलंस ना, त्याच आठवड्यात मीही विचारलं होतं."

मला खाली बसावं लागलं. पापडाच्या डब्यावरच बसले. म्हटलं, "मग बोलला का नाहीत? इतके महिने हा काळा धोंडा घरात कशाला ठेवू दिलात?"

"तू रोज त्याचा कागद बदलायचीस," हे म्हणाले. "मला वाटलं, हिला अजून लागतोय. लागेपर्यंत राहू दे."

मी रडले. नव्या सुनेसारखी मुसमुसत नाही, चांगली मोठ्यांदा, नाक ओढत रडले. रागही आला होता, तो आधी सांगते. सहा महिने मी एकटीनं ओझं वाहतेय असं समजत होते आणि हा माणूस शेजारी तेच ओझं घेऊन बसला होता, आणि वर माझं कागद बदलणं बघत होता. पण रागाच्या खाली दुसरं काही होतं. यांच्या त्या पायाशी मी डोकं टेकलं. डावा हात सावकाश, हवेत जरा चाचपडत आला आणि माझ्या केसांवर पडला. जड होता. त्याचा अंदाज अजून चुकतो, पण तो आला, आपण होऊन.

"हिंगाचा पापड मात्र आता मिळणार नाही," हे म्हणाले.

"पिशवीतला पेडलसुद्धा द्यायचा?" मी विचारलं.

"त्याच्याकडे त्याचा असेल," हे म्हणाले. पेडल आहे अजून. माझ्या कपाटात आहे.

दसऱ्यानंतर दोन माणसं ट्रॉली घेऊन आली आणि बॉक्स गेला, कपाळावर कुंकू आणि डोक्यावर सुकलेला झेंडू घेऊन. शेल्टरच्या फरशीवर तेलाचं एक गोल राहिलं. सोडा लावला, लिंबू लावलं, गेलं नाही. त्यावर मी सुटकेस ठेवली.

पुढच्या शनिवारी हे म्हणाले, "पासपोर्ट घे." आम्ही पूल ओलांडून जोहोरला गेलो. जवळजवळ वर्ष झालं होतं. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. टेकडीच्या पायथ्याशी डांबर संपलं, लाल चिखल सुरू झाला, आणि यांनी गाडी थांबवली. उजवा हात आडवा नेऊन थोरला न्यूट्रलमध्ये घातला. पुढे चढाकडे बघत राहिले. चढ मला नेहमीपेक्षा उभा वाटला. आपण परत फिरू या, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

"टाक," हे म्हणाले.

आणि तो शब्द उच्चारताना यांचा डावा गुडघा बोटभर उचलला गेला, पाऊल खाली दाबायला निघालं. तिथं आता काही नव्हतं, नुसती रबरी चटई होती.

"अहो," मी म्हटलं, "क्लच नाहीये."

"मला माहितेय गं," हे म्हणाले. "पायाला अजून कुणी सांगितलेलं नाही."

मी यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो खाली जाईपर्यंत थांबले. मग धाकटा दांडा मागे ओढला.